सर्वमाफी आणि क्षमा
अल्जेरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाविषयीच्या तीन ग्रंथांचा विचार

गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्या वर्गात हिंसा आणि शुभवर्तमान या विषयावर पाठ चालू असता सीमाभागातून आलेल्या एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "फादर, ज्याच्या मानेवर शंभर वर्षे जोखड होते, त्याने ते कसे फेकून दिले याचा हिशेब मागण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?" प्रश्न उर्मटपणे विचारलेला नव्हता. त्याने फ्रान्झ फॅननचे पुस्तक वाचले होते. अधिक चौकशी करता असे कळले की, त्याने त्या पुस्तकाची प्रस्तावना आणि पहिले प्रकरण एवढेच वाचले होते. यात त्या विद्यार्थ्याला दोष देण्याचे कारण नाही. या ग्रंथाविषयी जे बोलले जाते, ते बहुधा तेवढ्यावरच बोलले जाते. त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर आमचे आम्हांसच अपुरे वाटले. म्हणून अल्जेरियाच्या युद्धातून निपजलेले तीन ग्रंथ पुन्हा एकवार शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, असे आम्ही ठरविले. ते ग्रंथ म्हणजे फॅननचा 'धरित्रीवरील शापित' (१९६१), आल्बेर काम्यूचे अल्जेरियाविषयक लेख (१९५८) आणि मूलुद फेरऊन या शिक्षकाची रोजनिशी (१९६२). त्या वाचनाचे फळ वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम युद्धाची रूपरेषा. फ्रान्सने अल्जिअर्स घेतले ते ५ जुलै १८३० रोजी. १८४८ पासून अल्जेरिया ही वसाहत नसून फ्रान्सचाच भाग आहे, अशी कायद्याची भाषा होती. परंतु त्या 'भागा'तील सुमारे नव्वद लाख मुसलमान आणि सुमारे दहा लाख युरोपीय यांचे मत, जमीन आणि न्याय यांतील वाटे कधीच सारखे नव्हते. गोव्यातील वाचकांस ही भाषा परकी वाटणार नाही. पोर्तुगालनेही १९५१ साली घटना बदलून आपल्या वसाहतींना 'सागरापलीकडील प्रांत' असे नाव दिले होते. नाव बदलले म्हणजे नाते बदलते, असे सत्ताधाऱ्यांस नेहमीच वाटत आले आहे. ८ मे १९४५ रोजी, युरोपात शांततेच्या घंटा वाजत असता, सेतिफ आणि गेल्मा या भागांत निदर्शने आणि दंगे झाले, काही युरोपीय मारले गेले आणि त्याच्या सूडात हजारो अल्जेरियन मारले गेले. त्यानंतर साडेनऊ वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५४ रोजी, युद्धाला तोंड फुटले. तो दिवस सकल संतांच्या सणाचा होता. वसाहतीतील ख्रिस्ती कुटुंबे मिस्सेहून परतत होती आणि दुसऱ्या दिवशी आपल्या मृतांच्या थडग्यांवर फुले वाहण्याच्या तयारीत होती. साडेसात वर्षांनी, १९ मार्च १९६२ रोजी युद्धविराम झाला, आणि ५ जुलै हीच तारीख स्वातंत्र्यदिन म्हणून निवडण्यात आली. मृतांच्या संख्येविषयी आजही एकमत नाही. अल्जेरियाचे शासन पंधरा लाखांचा आकडा सांगते. अनेक इतिहासकारांचे अंदाज तीन ते चार लाखांच्या आसपास आहेत. मृत किती, याविषयीच जेथे वाद आहे, तेथे युद्ध संपले असे कोणत्या अर्थाने म्हणावयाचे?

आता फॅननकडे वळू. तो मार्टिनिक बेटावर १९२५ साली जन्मला. मनोविकारतज्ज्ञ म्हणून १९५३ मध्ये अल्जिअर्सजवळील ब्लिदाच्या रुग्णालयात रुजू झाला. १९५६ मध्ये राजीनामा देऊन मुक्तिआघाडीला मिळाला. आणि ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर थोड्याच दिवसांत, ६ डिसेंबर १९६१ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने वारला. त्याच्या पहिल्या प्रकरणाचा सिद्धान्त सर्वश्रुत आहे. वसाहत ही हिंसेनेच उभी राहते आणि हिंसेनेच टिकते. म्हणून दास झालेल्या माणसाला हिंसेतूनच आपले माणूसपण परत मिळते, असे तेथे प्रतिपादन आहे. सार्त्रने आपल्या प्रस्तावनेत हाच सूर इतका उंच नेला की, युरोपीय मनुष्याचा वध हे जणू नव्या मानवाच्या जन्माचे संस्कारविधान ठरावे. आमच्या मते ही प्रस्तावना ग्रंथावर अन्याय करणारी आहे. पॅरिसमध्ये बसून दुसऱ्याच्या हातातील सुरीचे स्तोत्र गाणे सोपे असते. ती सुरी हाती घेतलेल्याला रात्री झोप येते की नाही, हे पाहणारा डॉक्टर निराळा असतो. फॅनन तो डॉक्टर होता.

ग्रंथाचे शेवटचे मोठे प्रकरण याची साक्ष देते. वसाहतयुद्ध आणि मनोविकार हा त्याचा विषय. येथे सिद्धान्त मागे पडतो आणि रुग्ण पुढे येतात. एक युरोपीय पोलीस अधिकारी दिवसभर कैद्यांचा छळ करून घरी जातो आणि बायकोमुलांना मारू लागतो. तो डॉक्टरकडे येतो, पण काम सोडावयास नव्हे. मनाला टोचणी न लागता हेच काम करता यावे, एवढीच त्याची मागणी असते. दुसरा एक पोलीस उपचारासाठी आला असता रुग्णालयाच्या आवारात त्याची अवचित गाठ पडते ती त्यानेच छळलेल्या एका अल्जेरियनाशी. पोलिसाला भीतीचा झटका येतो. आणि तो अल्जेरियन, हा मनुष्य आपल्याला पुन्हा न्यावयास आला आहे अशा समजुतीने, स्वतःचा जीव घेऊ पाहताना सापडतो. तेरा आणि चौदा वर्षांची दोन अल्जेरियन मुले आपल्या युरोपीय सवंगड्याला ठार मारतात. का मारले, असे विचारता त्यांच्या सांगण्याचा आशय असा की, मोठ्या माणसांना मारण्याइतके आम्ही मोठे नव्हतो, हा आमच्या वयाचा होता. त्याच्याशी वैर नव्हते. तो मित्र होता म्हणूनच आमच्याबरोबर आला.

या प्रकरणातील एक लहानशी टीप आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. ती अल्जेरियातील नव्हे, तर आधीच स्वतंत्र झालेल्या दुसऱ्या एका आफ्रिकी देशातील माजी सैनिकाविषयी आहे. त्याने संघटनेच्या आज्ञेवरून बाँब ठेवला होता आणि त्यात दहा माणसे मेली होती. आपण चूक केली, असे त्याला कधीही वाटले नाही. तरीही दरवर्षी त्या तारखेच्या सुमारास त्याची झोप उडते आणि स्वतःला संपवावे असे त्याला वाटू लागते. स्वातंत्र्यानंतर पूर्वीच्या राज्यकर्त्या देशातील काही माणसांशी त्याची ओळख झाली आणि ती त्याला आवडली. तेव्हापासून मेलेल्या दहांत अशीच कोणी माणसे असतील काय, या विचाराने त्याला घेरी येते. हिंसेने माणूस मुक्त होतो, असे पहिले प्रकरण सांगते. शेवटचे प्रकरण सांगते की, तो मुक्त होतो आणि झोपू शकत नाही. या दोन विधानांचा मेळ फॅननने घातलेला नाही. त्याला तेवढे आयुष्यच मिळाले नाही. पण रुग्णांची ही टाचणे त्याने झाकून ठेवली नाहीत, सिद्धान्ताला अडचणीची असूनही ग्रंथात छापली. हा त्याचा प्रामाणिकपणा आम्ही त्याच्या सिद्धान्ताहून मोठा मानतो.

मधल्या एका प्रकरणात तर तो जवळजवळ द्रष्टा ठरतो. राष्ट्रीय भावनेचे धोके सांगताना तो म्हणतो त्याचा आशय असा: स्वातंत्र्यानंतर एकच पक्ष उरेल, नेता लोकांना लढ्याच्या आठवणी सांगून झोपवील, आणि पूर्वीच्या मालकाच्या खुर्चीवर नवा मालक बसेल. अल्जेरियात १९६५ साली लष्करी उठाव झाला. मुक्तिआघाडी १९८९ पर्यंत एकमेव पक्ष राहिली. लढ्यात कोण होता, हाच राज्य करण्याचा परवाना ठरला. १९९२ च्या जानेवारीत निवडणुका रद्द झाल्या आणि दुसरे युद्ध पेटले. त्यात लाखाच्या वर माणसे मेली, असे मानले जाते. २०१९ मध्ये लक्षावधी तरुण रस्त्यावर आले तेव्हा युद्धकालीन पिढीतील राष्ट्राध्यक्ष बूतेफ्लिका यांना पायउतार व्हावे लागले. ज्याला आपण शाप देणारा समजतो, त्याने सावध करण्याचेही काम केले होते. ते वाचले मात्र फार थोड्यांनी.

काम्यूविषयी लिहिताना लेखणी अडखळते, कारण त्याच्यावर प्रेम करणे सोपे आणि त्याला निर्दोष ठरविणे अशक्य. अल्जेरियातील गरीब युरोपीय घरात, निरक्षर आईच्या पोटी तो वाढला. १९३९ मध्ये, म्हणजे इतरांस त्याचे भान येण्याच्या कितीतरी आधी, त्याने काबिलिया प्रांतातील दुष्काळ आणि वेठीच्या मजुरीसारखे वेतन यांविषयी वृत्तपत्रात सविस्तर लिहिले. २२ जानेवारी १९५६ रोजी तो अल्जिअर्सला गेला आणि दोन्ही पक्षांनी निदान निरपराध नागरिकांना तरी वगळावे, अशी विनवणी त्याने भर सभेत केली. बाहेर त्याच्याच समाजातील लोक त्याच्या मृत्यूच्या घोषणा देत होते. विनवणी व्यर्थ गेली. त्यानंतर त्याने जाहीर बोलणे जवळजवळ सोडले, मात्र फाशीची शिक्षा झालेल्यांसाठी खासगी रदबदली तो करीत राहिला. १९५७ मध्ये स्टॉकहोमला नोबेल पारितोषिक घेताना तो जे बोलला, त्याचा विपर्यास पुष्कळ झाला. ट्रामगाड्यांत बाँब ठेवले जात आहेत, त्यांतल्या एखाद्या गाडीत माझी आई असेल. न्याय याचेच नाव असेल तर मी आईच्या बाजूचा, असा त्याचा भाव होता. आम्हांस त्यात भ्याडपणा दिसत नाही. न्याय जेव्हा अमूर्त होतो तेव्हा त्याला एक चेहरा दाखवावा लागतो, हे ख्रिस्ती मनुष्याने तरी विसरू नये.

परंतु येथेच काम्यूचे वैगुण्य आहे. त्याने एक चेहरा पाहिला; दुसऱ्या बाजूच्या आईचा चेहरा त्याच्या लेखांत तितका स्पष्ट उमटत नाही. स्वतंत्र अल्जेरियाची कल्पना त्याला अखेरपर्यंत मान्य झाली नाही. दोन्ही समाजांना बांधणाऱ्या संघराज्याच्या योजनेला तो चिकटून राहिला, आणि १९५८ मध्ये ती वेळ केव्हाच टळून गेली होती. त्याच्या सुप्रसिद्ध कादंबरीत समुद्रकिनारी मारल्या गेलेल्या अरबाला नावच नाही. सत्तर वर्षांनी, २०१३ मध्ये, कामेल दाऊद या अल्जेरियन लेखकाने त्या मृताच्या भावाच्या तोंडून कादंबरी लिहिली आणि त्याला मूसा हे नाव दिले. या एका घटनेत युद्धाच्या वारशाचे मर्म आहे, असे आम्ही समजतो. वधानंतर देवाने काइनाला पहिला प्रश्न विचारला, तो हाबेलाचे नाव घेऊन. मारलेल्याचे नाव न घेता त्याचा हिशेब होत नाही.

फेरऊनची रोजनिशी या दोहोंच्या मध्ये उभी आहे. तो काबिलियातील शेतकऱ्याचा मुलगा, फ्रेंच शाळेत शिकलेला आणि फ्रेंच शाळेत शिकवणारा, काम्यूचा स्नेही. १९५५ च्या नोव्हेंबरपासून त्याने शाळेच्या वह्यांतून लिहावयास आरंभ केला. त्यात सिद्धान्त नाही. दिवसा सैन्य येते, रात्री मुक्तिसैनिक येतात, आणि मध्ये गाव चिरडला जातो. सैनिक बायकांची अब्रू घेतात, पुरुषांना उभे करून गोळ्या घालतात; मुक्तिसैनिक धूम्रपानावर बंदी घालतात, वर्गणी घेतात, संशयावरून गळे चिरतात. स्वातंत्र्य यावे आणि ते येणारच, याविषयी फेरऊनला शंका नाही. पण ते आणणाऱ्यांची भाषा मालकासारखी होऊ लागली आहे, हे तो लिहून ठेवतो. आणि तसे लिहिताना आपण देशद्रोही तर नाही ना, अशी शंका स्वतःलाच विचारतो. फॅननजवळ निदान होते, काम्यूजवळ वेदना होती. फेरऊनजवळ शेजारी होते. गुणाच्या दृष्टीने तिन्ही ग्रंथांत आम्ही या रोजनिशीला अग्रमान देऊ. शैलीत ती सर्वांत साधी आहे, पण तीत दोन्ही बाजूंच्या मृतांना नावे आहेत.

१४ मार्च १९६२ ही तीतील शेवटची तारीख. दुसऱ्या दिवशी अल्जिअर्सच्या एल-बियार भागात शिक्षणकेंद्रांच्या अधिकाऱ्यांची सभा चालू असता वसाहतवाद्यांच्या गुप्त सशस्त्र संघटनेचे लोक आत आले, यादी वाचून सहा जणांना बाहेर काढले आणि भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या. त्यांत तिघे फ्रेंच आणि तिघे अल्जेरियन होते. फेरऊन त्यांपैकी एक. तीन दिवसांनी एव्हियाँ येथे करारावर सह्या झाल्या.

येथवर ग्रंथांचा विचार झाला. आता त्या युद्धाने मागे काय ठेवले, याकडे वळू. काही गोष्टी मातीत आहेत. सीमेवर पुरलेल्या सुरुंगांचे नकाशे फ्रान्सने २००७ साली दिले, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी. सहारात १९६० ते १९६६ या काळात सतरा अण्वस्त्रचाचण्या झाल्या, त्यांतील बऱ्याच तर स्वातंत्र्यानंतर, करारातील सवलतीनुसार. फ्रेंच सैन्याबरोबर लढलेले अल्जेरियन, ज्यांना हार्की म्हणत, त्यांतील हजारो मागे सोडले गेले आणि मारले गेले. जे फ्रान्सला पोचले, त्यांपैकी अनेकांना वर्षानुवर्षे छावण्यांत ठेवले गेले. दहा लाख युरोपियांपैकी बहुसंख्य एका वर्षाच्या आत जन्मभूमी सोडून गेले.

परंतु सर्वांत खोल वारसा हा मौनाचा आहे. युद्धविरामाच्या तिसऱ्याच दिवशी, २२ मार्च १९६२ रोजी, फ्रान्सने सर्वमाफीचे आदेश काढले आणि छळ करणाऱ्यांचीही सुटका झाली. ते 'युद्ध' होते, हे फ्रान्सच्या कायद्याने मान्य केले १९९९ साली. तोवर त्याचे नाव 'सुव्यवस्थेची कारवाई' असे होते. १९५७ च्या जूनमध्ये पकडून नेलेला तरुण गणितज्ञ मोरीस ओदँ परत आलाच नाही. त्याच्या मृत्यूची जबाबदारी राज्याची होती, हे राष्ट्राध्यक्षांनी त्याच्या वृद्ध पत्नीला सांगितले १३ सप्टेंबर २०१८ रोजी. अल्जेरियाने आपल्या दुसऱ्या युद्धाचा शेवट असाच केला. २००५ च्या सनदेने माफी दिली, आणि पुढच्या वर्षीच्या आदेशाने त्या जखमांविषयी बोलून राज्यसंस्थेला उणेपणा आणणे हा गुन्हा ठरविला. धनी बदलला, पण जखम झाकण्याची रीत तीच राहिली.

सर्वमाफी आणि क्षमा या दोन गोष्टी एक नव्हेत, हे ईशज्ञानाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावयास नको. आपल्या परंपरेने पापनिवेदनाच्या संस्कारात पश्चात्तापी मनुष्याकडून तीन गोष्टी मागितल्या आहेत: अनुताप, उच्चार आणि भरपाई. सर्वमाफी या तिन्ही वगळून फक्त सुटका देते. तिने तुरुंग रिकामा होतो. मन रिकामे होत नाही. फॅननचा तो रुग्ण दरवर्षी त्या तारखेला जागा राहतो, कारण त्याला दोषमुक्त ठरविणारे पुष्कळ भेटले. त्याचे ऐकून घेणारा एका डॉक्टराखेरीज कोणी भेटला नाही. याउलट एक उदाहरण आहे. १९५७ मध्ये छळ सोसलेली लुईझेत इगिलाहरीझ ही मुक्तिसैनिक २००० सालच्या जूनमध्ये एका फ्रेंच दैनिकात प्रथम बोलली. ती शोधत होती, पण छळ करणाऱ्याला नव्हे. तिला छळातून सोडवून उपचारांसाठी पाठविणाऱ्या फ्रेंच लष्करी डॉक्टरला. आभार मानावयाचे राहिले होते. तो डॉक्टर त्याआधीच वारला होता. तिच्या त्या बोलण्याने फ्रान्समधील मौन जितके फुटले, तितके अनेक वर्षांच्या आरोपांनी फुटले नव्हते.

ख्रिस्तसभेच्या वाट्याला आलेला हिशेबही टाळता येणार नाही. अल्जिअर्समधील केचावा मशीद १८३२ मध्ये चर्च करण्यात आली आणि १९६२ पर्यंत ती महामंदिर म्हणून राहिली. एकशे तीस वर्षे तेथे मिस्सा अर्पिणाऱ्या कितीजणांच्या मनात तो प्रश्न आला असेल? तथापि महागुरुस्वामी लेओं-एतियेन द्यूवाल यांनी युद्धाच्या आरंभापासून छळाचा उघड निषेध केला. त्यांच्याच कळपातील लोकांनी चिडून त्यांना 'महंमद द्यूवाल' हे नाव दिले. ते मागे राहिले, अल्जेरियाचे नागरिक झाले आणि १९९६ च्या मे महिन्याच्या अखेरीस वारले. त्याच दिवसांत तिबिरीनच्या सात मठवासियांच्या हत्येची वार्ता आली. १ ऑगस्ट १९९६ रोजी ओराँचे बिशप प्येर क्लाव्हेरी बाँबस्फोटात मारले गेले. ते अल्जिअर्समध्येच, वसाहती घरात जन्मले होते; आपण एका बुडबुड्यात वाढलो आणि शेजारचा अरब आपल्याला कधी दिसलाच नाही, असे त्यांनी पुढे कबूल केले होते. त्या कबुलीवर त्यांचे सारे धर्मकार्य उभे राहिले. त्यांच्याबरोबर त्यांचा मुसलमान वाहनचालक महंमद बूशिखी हाही मेला, आणि दोघांचे रक्त एकाच फरशीवर सांडले. काम्यूला जो चेहरा दिसला नाही, तो क्लाव्हेरींना दिसला. पण त्यासाठी त्यांना आधी आपले न पाहणे उच्चारावे लागले.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे. जोखड वाहणाऱ्याला हिशेब विचारण्याचा अधिकार जोखड घालणाऱ्याला नाही, आणि दूर बसून पाहणाऱ्यालाही नाही; एवढे आम्ही मान्य करतो. पोप सहावे पॉल यांनीही १९६७ च्या परिपत्रकात उठावाचे धोके सांगताना उघड व दीर्घकाळ चाललेल्या जुलमाचा अपवाद वगळून ठेवला होता. परंतु हिशेब कोणी विचारला नाही म्हणून तो थांबत नाही. तो ब्लिदाच्या रुग्णालयात मागितला गेला, फेरऊनच्या वहीत मागितला गेला, आणि पुढे मुक्त झालेल्यांच्या मुलांनी आपल्या बापांना रस्त्यावर उभे राहून मागितला. मिसर देशातून सुटलेल्या इस्राएलाला देवाने दास्य विसरू नका असे सांगितले, ते राज्य करण्याचा परवाना म्हणून नव्हे. तुम्ही परके होता, म्हणून परक्याला छळू नका, यासाठी ती आठवण होती. मुक्तीची आठवण कशासाठी जपली जाते, यावर त्या मुक्तीचे पुढचे आयुष्य ठरते.

त्या विद्यार्थ्याला आम्ही फॅननचे पुस्तक परत दिले आहे. शेवटचे प्रकरण आधी वाच आणि पहिले त्यानंतर, एवढेच सांगितले. सोबत फेरऊनची रोजनिशीही दिली. सकल संतांच्या सणानंतर, मृतांच्या दिवशी, त्यावर वर्गात बोलावयाचे ठरले आहे.